व्हिएतनाम : हनोई ते सायगॉन, बसने, युद्धाच्या जागा बघत

दूरपल्ला
१२ एप्रिल, रात्री १०.०५

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारी-मार्चमध्ये चोवीस दिवस व्हिएतनाममध्ये एकटीने फिरून आले. विमान फक्त जाता-येता. मधला सगळा प्रवास बसने, पाठीवर एक सॅक. युद्धाच्या जागा बघायच्या हे ठरवूनच गेले होते, त्यामुळे हा लाँग बे, सा पा या डोंगरी गावाची भातशेती वगैरे यात नाही. त्यावर इथे चांगले धागे आहेत.

मी प्रसूती वॉर्डात परिचारिका आहे, एकवीस वर्षं. इतिहासाची अभ्यासक नाही. काही वर्षांपूर्वी एका अंकात वाचलं होतं की विन्ह मोक नावाच्या गावातली माणसं बॉम्बपासून वाचायला जमिनीखाली राहायला गेली आणि तिथे १७ बाळं जन्मली. ते डोक्यातून जाईना. वर बॉम्ब पडताहेत आणि खाली मिणमिणत्या उजेडात कुणीतरी नाळ कापतंय. ती जागा बघायचीच, हे तेव्हाच ठरलं. बाकीचा प्रवास तिच्याभोवती जुळवत गेले.

मार्ग : हनोई – दिएन बिएन फू – परत हनोई – डोंग हा – ह्वे – क्वांग न्गाय – सायगॉन (म्हणजे आताचं हो ची मिन्ह सिटी).

आधी बसबद्दल, कारण सगळे तेच विचारतात. लांब पल्ल्याच्या बहुतेक बस स्लीपर असतात, पण आपल्याकडच्यासारख्या नाहीत. तीन रांगा, दोन मजले, मधे दोन चिंचोळ्या वाटा. पाय पुढच्या माणसाच्या डोक्याखालच्या खोक्यात जातात. साडेपाच फुटांच्या वर उंची असेल तर गुडघे दुमडून झोपायची तयारी ठेवा. चढतानाच पायातलं काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं. रात्री जेवायला गाडी थांबली की दाराशी सपातांची टोपली ठेवतात, हाताला येतील त्या घालून उतरायचं. आमच्या गाडीच्या सपाता निळ्या होत्या. त्या थांब्यावर दहा-बारा गाड्या उभ्या असायच्या, तेव्हा मी निळे पाय बघत आपली माणसं शोधायचे. स्टँडला 'बेन से' म्हणतात, हा शब्द पाठ करून जा. तिकीट शक्यतो बेन सेवरच खिडकीवर काढा. हनोई ते डोंग हा मला ४ लाख डाँग पडले. साधारण ३०० डाँग म्हणजे एक रुपया, हिशेब तुम्ही करा.

दिएन बिएन फू हनोईहून साडेचारशे किलोमीटरच्या वर आहे, लाओसच्या सीमेजवळ. रात्रीची गाडी, वाटेत फा दिनचा घाट. पहाटे खिडकी पुसली तेव्हा ढग खाली होते आणि रस्ता वर. १९५४ मध्ये फ्रेंच सत्तेशी लढताना याच डोंगरांतून व्हिएतनामी माणसांनी तोफा दोरांनी ओढून नेल्या. रसद बऱ्याच अंशी सायकलींवरून गेली. हँडलला बांबू बांधून लांब करायचा, सीटच्या मागे दुसरा बांबू उभा करायचा आणि सायकल चालवायची नाही, शेजारून ढकलत न्यायची. एकीवर दोनशे किलोहून जास्त ओझं. संग्रहालयात तशी सायकल ठेवलेली आहे. मी तिच्यापाशीच बराच वेळ उभी होते. तोफेसमोर फार वेळ उभं राहावंसं वाटलं नाही.

गाव सपाट खोऱ्यात आहे, चहूबाजूंनी डोंगर. फ्रेंचांनी खोऱ्यात तळ ठोकला आणि व्हिएतनामी फौजेचे जनरल जियाप यांनी तोफा डोंगरांत खणून लपवल्या. १३ मार्चला हल्ला सुरू झाला, ७ मे रोजी फ्रेंच तळ पडला. ए-वन नावाची टेकडी आता गावाच्या मधोमध आहे. जियाप यांच्या सैनिकांनी खालून भुयार खणून जवळजवळ एक टन स्फोटकं उडवली, तो खड्डा अजून आहे, आत गवत उगवलंय. टेकडीवरून खाली बघितलं तर शाळेच्या मैदानात मुलं व्हॉलीबॉल खेळत होती.

टेकडीसमोर व्हिएतनामी सैनिकांची दफनभूमी आहे. ६४४ थडगी. त्यातल्या फक्त चार थडग्यांवर नाव आहे. बाकी सगळे दगड कोरे. मी ओळीने चालत गेले, पहिल्या काही ओळींत नाव शोधत होते, मग शोधणं थांबवलं.

उरलेलं उद्या लिहिते, सकाळची ड्युटी आहे.

कोकणकडा
१२ एप्रिल, रात्री ११.२०

ताई, लिहीत राहा. मी या वर्षी जायचं म्हणतोय, नोव्हेंबरमध्ये सुट्टी मिळेल. हवामान कसं असतं? आणि डोंग हाला उतरून स्कूटर भाड्याने घेऊन फिरता येईल का? माझ्याकडे आंतरराष्ट्रीय परवाना आहे.

गोधडी
१३ एप्रिल, सकाळी ६.४५

वाचतेय. शाकाहारी माणसाने काय खायचं तेही लिहा. माझ्या मैत्रिणीने आठ दिवस केळी आणि पाव खाऊन काढले तिकडे.

दूरपल्ला
१३ एप्रिल, रात्री ९.१५

@कोकणकडा, नोव्हेंबर नको. मध्य व्हिएतनाममध्ये, म्हणजे ह्वे आणि क्वांग त्री (डोंग हा आहे तो प्रांत) या पट्ट्यात, सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत पाऊस आणि पूर. आपल्याकडचा पावसाळा संपतो तेव्हा त्यांचा जोरात असतो. फेब्रुवारी ते एप्रिल उत्तम. उन्हाळ्यात कोरडं असतं, पण लाओसकडून गरम वारे येतात.

स्कूटरचं मनातून काढून टाका. आपल्याकडे मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय कराराखालचा आहे आणि व्हिएतनाम १९६८ च्या करारातला मानतं. म्हणजे तिथे तुम्ही विनापरवानाच. अपघात झाला तर विमाही हात वर करेल. 'से ओम' म्हणजे मोटारसायकलवाला, दिवसभरासाठी ठरवा. वाटेत तो थांबतो, दाखवतो, आणि गावातली माणसं त्याच्याशी बोलतात म्हणून तुमच्याशीही बोलतात.

@गोधडी, दोन शब्द : 'आन चाय', म्हणजे मी शाकाहारी आहे. 'चाय' अशी पाटी दिसली की तिथे मासळीचा सॉससुद्धा नसतो, नाहीतर तो प्रत्येक पदार्थात असतो. तिथले बरेच बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसाहार करत नाहीत. आपल्या कॅलेंडरवर पौर्णिमा आणि अमावास्या-प्रतिपदा बघून ठेवा, त्या दिवसांत छोट्या गावांतही चायच्या गाड्या लागतात. टोफू, फणसाची भाजी, मशरूम, भात. फणस बघून मला गहिवरून आलं.

आता डोंग हा, विन्ह मोकला जायचं ते इथूनच. इथे एक वाईट अनुभव आला, तो सांगते, म्हणजे तुम्ही सावध राहाल. तिकीट काढताना बस गावातल्या स्टँडवर जाईल असं सांगितलं होतं. पहाटे साडेतीनला क्लीनरने पाय हलवून उठवलं आणि हायवेवरच उतरवलं. गाडी पुढे सायगॉनकडे निघून गेली. मिट्ट काळोख, एकही घर दिसत नव्हतं, बूट अजून पिशवीतच. पाचशे पावलांवर एक दिवा दिसला. ते झोळ्यांचं चहा-कॉफीचं दुकान होतं. हायवेवर अशी बरीच दुकानं असतात, खुर्च्यांऐवजी झोळ्या टांगलेल्या, ट्रकवाले झोपतात. दुकानातल्या आजींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, एक झोळी झटकली आणि हाताने 'झोप' अशी खूण केली. उजाडेपर्यंत झोपले. पैसे देऊ लागले तर कॉफीचेच घेतले. तेव्हा उतरायची जागा तिकिटावर लिहून घ्या, आणि रात्री दोननंतर नकाशावर आपण कुठे आहोत ते बघत राहा.

डोंग हाला तीन रात्री राहा. बहुतेक जण ह्वेहून एका दिवसाची सहल घेतात. सकाळी सातला निघून विन्ह मोक, पूल, खे सान सगळं उरकून सहाला परत. त्यात प्रत्येक ठिकाणी पाऊण तास मिळतो.

हिएन लुओंगचा पूल बेन हाय नदीवर आहे. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर देश याच नदीपाशी दोन तुकड्यांत विभागला. दोन वर्षांत निवडणुका होऊन पुन्हा एक होणार होता, त्या निवडणुका झाल्याच नाहीत. पुढे उत्तर-दक्षिण युद्ध पेटलं आणि अमेरिका दक्षिणेच्या बाजूने उतरली. पूल लहानसा आहे, दोनशे मीटरसुद्धा नाही. अर्धा निळा, अर्धा पिवळा रंगवलाय. दोन्ही काठांवरून एकमेकांकडे तोंड करून मोठमोठे कर्णे लावलेले असायचे आणि झेंड्याचा खांब कुणाचा उंच यावर चढाओढ चालायची. मूळ पूल १९६७ मध्ये बॉम्बने पडला, आताचा पुन्हा बांधलेला. मी उत्तरेकडून दक्षिणेकडे चालत गेले, तीन मिनिटं लागली. माझ्या पुढे एक आजोबा चालले होते. बरोब्बर रंग बदलतो तिथे ते थांबले, वाकून फळीला हात लावला आणि मग पुढे गेले. मी काही विचारलं नाही.

खे सानबद्दल थोडक्यात : लाल माती, कॉफीचे मळे, जुनी धावपट्टी, एक संग्रहालय. १९६८ मध्ये अमेरिकन तळाला ७७ दिवस वेढा होता आणि वेढा उठल्यावर काही महिन्यांतच अमेरिकनांनी तो तळ स्वतःच सोडून दिला. वेळ कमी असेल तर हे वगळा.

विन्ह मोक वगळू नका.

समुद्राच्या कडेला उंच मातीचा कडा आहे. गावकऱ्यांनी कुदळी-फावड्यांनी खणलं, माती टोपल्यांनी काढली. तीन मजले, सगळ्यात खालचा २३ मीटरवर. तेरा तोंडं, त्यांतली सात समुद्राकडे उघडणारी. १९६६ ते १९७२ माणसं राहिली. आत गेलं की आधी थंड वाटतं, मग दमट, मग आपल्याच श्वासाचा आवाज येतो. मुख्य वाटेच्या दोन्ही बाजूंना कोनाडे खणलेत, एका कुटुंबाला एक कोनाडा. आपल्याकडे जुन्या वाड्यात धान्याची बळदं असतात, साधारण तेवढे.

प्रसूतीची जागा इतर कोनाड्यांपेक्षा थोडी मोठी. थोडीच. मी मधे उभी राहून दोन्ही हात पसरले तर बोटं दोन्ही भिंतींना टेकली. आमच्या वॉर्डात एका टेबलाभोवती आम्ही तिघी असतो, शिवाय ट्रे, दिवा, बाळासाठी गरम टेबल. इथे एक आई आणि एक सुईण, तिसरीला उभं राहायला जागा नाही. पाणी त्याच बोगद्यातल्या विहिरीचं. हवा हलत नाही. बाळंतीण ओरडली तर तो आवाज प्रत्येक कोनाड्यात जाणार, आणि बाळ रडलं की तोही. सगळ्यांना एकाच वेळी कळत असणार. मी भिंतीला हात लावून उभी होते, मागून एक गट आला, मला सरकावं लागलं. मग पाच मिनिटांनी परत गेले.

बाहेर पडणारं तोंड सरळ समुद्राच्या वाळूवर उघडतं. डोळे दिपतात.

पानशेत
१४ एप्रिल, दुपारी १.३०

खूप सुंदर लिहिताय. फक्त एक : रेल्वेचा विचार का नाही केला? हनोई ते सायगॉन १,७२६ किलोमीटरचा लोहमार्ग आहे, डोंग हा आणि क्वांग न्गाय दोन्हीकडे गाडी थांबते. पहाटे साडेतीनला हायवेवर तरी सोडणार नाहीत.

पहिला_पाऊस
१४ एप्रिल, दुपारी ३.५०

मला हा प्रकारच खटकतो, स्पष्ट लिहिते. लोक मेले त्या जागांची तिकिटं काढायची, फोटो काढायचे, संध्याकाळी हॉटेलात जेवायचं. तिथल्या माणसांना काय वाटत असेल? लिहिणाऱ्या ताईंचा हेतू चांगला आहे हे दिसतंय, पण एकूणच युद्धाचं पर्यटन व्हावं का?

सुभेदार_सातारा
१४ एप्रिल, संध्याकाळी ७.४०

पहिला_पाऊस, तुमचा प्रश्न रास्त आहे. पण दफनभूमी बांधणारा माणूस ती कुणीतरी बघावी म्हणूनच बांधतो. सैनिकाला सगळ्यात जास्त भीती असते ती विसरले जाण्याची. ६४४ पैकी चार नावं, हे वाचून मी आज देवघरात बसलो तेव्हा तेच डोक्यात होतं.

दूरपल्ला यांनी पुलाचं लिहिलं म्हणून सांगतो. जिनिव्हा करारानंतर युद्धबंदीवर देखरेख करायला जो आंतरराष्ट्रीय आयोग नेमला, त्याचं अध्यक्षपद भारताकडे होतं, कॅनडा आणि पोलंड सदस्य. त्यासाठी आपले सैनिक तिकडे होते. माझे वडील सैन्यात सिग्नल्समध्ये (संदेशवहन विभागात) होते, आयोगाबरोबर दीड वर्ष व्हिएतनामला राहिले. तिथून आईसाठी लाखेचा काळा डबा आणला होता, वर शिंपल्याची बदकं जडवलेली. आईने त्यात शेवटपर्यंत कुंकू ठेवलं. वडील तिथल्या कामाबद्दल फार बोलत नसत. एवढंच म्हणायचे की आम्ही फक्त लिहून घ्यायचो, थांबवणं आमच्या हातात नव्हतं. जमलं तर त्या पुलाचा फोटो इथे टाका.

लाल_माती
१४ एप्रिल, रात्री ८.३०

धागा लाओसपर्यंत न्यायची परवानगी असेल तर लिहितो. दिएन बिएन फूहून बसने सीमा ओलांडून मी फोन्सावानला गेलो होतो. व्हिएतनामला परत यायचं असेल तर व्हिसा अनेकवेळा प्रवेशाचाच काढा. एका प्रवेशाच्या व्हिसावर बाहेर पडलात की तो संपला.

लुआंग प्रबांगहून फोन्सावानची वाट म्हणजे दिवसभर वळणं. गाडी लागणाऱ्यांनी आवळासुपारी न्यावी. वर पठार आहे, तिथे दगडाचे माणसाएवढे रांजण पडलेत, दोन हजार वर्षांपूर्वीचे, आता जागतिक वारसा. त्या रांजणांच्या मधे मधे बॉम्बचे खड्डे आहेत. १९६४ ते १९७३ मध्ये अमेरिकेने लाओसवर २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले, विमानांच्या ५ लाख ८० हजार फेऱ्या. त्यात २७ कोटी लहान गोळे होते, मुठीत मावतील एवढे. तिथे त्यांना 'बोम्बी' म्हणतात. त्यातले तीसेक टक्के फुटलेच नाहीत, म्हणजे आठ कोटी जमिनीत राहिले.

पठारावर जमिनीत पांढऱ्या-लाल खुणेचे दगड बसवलेत. पांढऱ्या बाजूला जमीन तपासून साफ केलेली, लाल बाजूला नाही. मी फोटोसाठी एक पाऊल मागे घेतलं तर वाटाड्याने दंडाला धरून ओढलं. खाली बघितलं, टाच लाल बाजूला होती.

जवळच्या एका गावात बॉम्बच्या ॲल्युमिनियमचे चमचे ओततात. लाकडाच्या राखेत दाबलेला साचा, वरून वितळलेला धातू, मिनिटभरात चमचा. मी सहा आणले, घरी रोज आमटीला तेच असतात.

गोधडी
१५ एप्रिल, सकाळी ७.००

पौर्णिमेची माहिती फार कामाची. दूरपल्ला, अजून एक विचारते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर काही महिन्यांनी येतं की व्हिएतनामने शिवाजी महाराजांचा आदर्श ठेवून अमेरिकेला हरवलं, तिथे महाराजांचा पुतळा आहे, त्यांच्या नेत्याच्या समाधीवर तसं लिहिलंय. तुम्ही बघितलं का?

दूरपल्ला
१५ एप्रिल, रात्री ९.५०

@गोधडी, तो निरोप मलाही आला होता, म्हणून मुद्दाम शोधलं. हो ची मिन्ह यांच्या समाधीवर फक्त त्यांचं नाव आहे. पुतळा कुठे दिसला नाही. हनोईत आणि सायगॉनमध्ये दोन वाटाड्यांना विचारलं, त्यांनी हे कधीच ऐकलेलं नव्हतं. जियाप यांचे डावपेच वाचताना गनिमी कावा आठवतो हे खरं, मलाही आठवला. पण ते आपल्या मनातलं आहे, त्यांच्या शिलालेखातलं नाही. ग्रुपवर तसं लिहा, लोक ऐकतात.

@पानशेत, रेल्वे चांगलीच आहे आणि पाठीला सुखाची. दिएन बिएन फूला मात्र रेल्वे नाही. आणि बस गावांतून जाते. डोंग हापासून पुढे रस्त्याच्या कडेने दर काही किलोमीटरवर दफनभूमी लागते, कमान आणि आत पांढऱ्या ओळी. दफनभूमी, मग भातशेत, मग शाळा, मग पुन्हा दफनभूमी. हे खिडकीतून तासन्‌तास बघत राहिले.

@लाल_माती, लाल बाजूचं वाचून काटा आला. क्वांग त्रीतही तेच आहे. १९७५ नंतर तिथे हजारो माणसं जुन्या स्फोटकांनी मेली किंवा अपंग झाली. डोंग हात प्रोजेक्ट रिन्यू या संस्थेचं एक केंद्र आहे, २००१ पासून ते जुन्या स्फोटकांपासून लोकांना वाचवायचं काम करताहेत. तिथे शाळेतली मुलं बॉम्बचे प्रकार ओळखायला शिकत होती. मी गेले तेव्हा तिसरी-चौथीतली असावीत. हात वर करून उत्तरं देत होती.

@पहिला_पाऊस, तुमच्या प्रश्नावर प्रवासभर विचार केला आहे. माझं उत्तर दोन जागांवरून देते.

सायगॉनजवळ कू ची. युद्धातल्या भुयारांचं २५० किलोमीटरचं जाळं, त्यातला थोडा भाग पर्यटकांसाठी रुंद केलाय. तिथेच गोळीबाराची जागा आहे, पैसे देऊन खऱ्या बंदुकीतून गोळ्या झाडता येतात. वाटाडी बाई भुयारात मेलेल्या नातेवाइकांबद्दल बोलत होत्या आणि मागे सतत गोळ्यांचा आवाज. त्यांचं वाक्य दोनदा तुटलं. तिथे मला तुमचं म्हणणं पूर्ण पटलं. ते नको.

दुसरी जागा सोन मी, आपण जिला माय लाय म्हणून ओळखतो. क्वांग न्गायपासून बारा-तेरा किलोमीटर. १६ मार्च १९६८ च्या सकाळी अमेरिकन सैनिकांनी तिथे ५०४ गावकरी मारले. त्यांत १८२ बायका आणि १७३ मुलं. गोळीबाराची लढाई नव्हती, समोरून कुणी लढतच नव्हतं. गावातल्या वाटा आता सिमेंटच्या आहेत आणि त्या सिमेंटमध्ये पावलं उमटवली आहेत. अनवाणी पावलं, लहान पावलं, सायकलचे चाक, आणि त्यांच्यावरून गेलेले बुटांचे ठसे. तुम्हीही त्यावरूनच चालता, दुसरी वाट नाही. जळलेल्या घरांची जोती जपली आहेत, प्रत्येकासमोर पाटी, घरातली नावं आणि वयं. मी वयं वाचत गेले. एका पाटीशी आकडा एक होता. पुढे गेले नाही, बाकावर बसले.

त्याच दिवशी ह्यू थॉम्पसन नावाच्या अमेरिकन वैमानिकाने आपलं हेलिकॉप्टर सैनिक आणि गावकरी यांच्या मधे उतरवलं आणि काही जणांना वाचवलं. त्याच्या साथीदाराने, ग्लेन आंद्रेओटाने, प्रेतांच्या चरात उतरून एक जिवंत मूल बाहेर काढलं. तीन आठवड्यांनी आंद्रेओटा स्वतः मारला गेला. त्या चराच्या काठावर उभं राहिल्यावर चर किती उथळ आहे ते दिसतं. ते बघायला जायला हवं होतं, असं मला वाटतं. तिथे दिवसभरात वीसेक माणसं आली असतील. संग्रहालयातल्या बाईंनी मला नोंदवही दिली, मी मराठीत लिहिलं. त्यांनी ते बोटाने शेवटपर्यंत गिरवत बघितलं.

सायगॉनमध्ये मी तू दू रुग्णालयात गेले नाही. देशातलं मोठं प्रसूती रुग्णालय, युद्धात अमेरिकेने विमानांतून केलेल्या विषारी फवारणीमुळे जन्मतः बाधित मुलं तिथे सांभाळतात. वियेत आणि दुक या जोडलेल्या भावांना १९८८ मध्ये तिथेच वेगळं केलं. माझ्या कामाशी सगळ्यात जवळची जागा तीच. पण मी तिथे कामाला जात नव्हते, बघायला जात होते. ती मुलं आहेत, संग्रहालय नव्हे. दारावरून परत फिरले. सीमा कुठे, हे असं एकेका दाराशी ठरवावं लागतं, मला तरी.

पहिला_पाऊस
१५ एप्रिल, रात्री १०.४०

दारावरून परत फिरलात हे वाचून बरं वाटलं. माझं मत पूर्ण बदललं नाही, पण सोन मीचं मी घरी मोठ्याने वाचून दाखवलं.

सुभेदार_सातारा
१६ एप्रिल, सकाळी ६.१५

एक गोष्ट राहिली. या सगळ्या दफनभूमी जिंकलेल्यांच्या आहेत. दक्षिणेच्या फौजेतले लाखो सैनिकही व्हिएतनामीच होते. त्यांची मोठी दफनभूमी बिएन होआजवळ आहे, सायगॉनहून फार लांब नाही, पण ती सहलींच्या यादीत नसते. सायगॉनच्या युद्धसंग्रहालयातही त्यांची बाजू नाही. १९७५ मध्ये त्या संग्रहालयाच्या नावातच अमेरिका आणि तिच्या हस्तकांचे गुन्हे असं होतं, आताचं नाव १९९५ चं. जाणाऱ्याने हे मनात ठेवून बघावं. त्यांच्याही आया होत्या.

कोकणकडा, तुमची तारीख अजून ठरली नसेल तर २७ जुलैचा विचार करा. त्यांचा हुतात्मा आणि जखमी सैनिकांचा दिवस असतो. उकडेल, पण कुटुंबं त्या दिवशी येतात.

दूरपल्ला
१६ एप्रिल, रात्री ९.००

सुभेदार साहेब, हे मी लिहायला हवं होतं. बिएन होआला मी गेले नाही, तेव्हा ठाऊकच नव्हतं. पुलाचा फोटो टाकलाय, तुमच्या वडिलांच्या वेळचा पूल नाही, पण जागा तीच.

कोकणकडा, २७ जुलैला गेलात तर त्रुओंग सोनच्या दफनभूमीत जा. डोंग हाहून से ओमने जाता येतं. दहा हजारांहून जास्त थडगी, प्रांतवार विभाग केलेत.

कोकणकडा
२७ जुलै, रात्री १०.३०

डोंग हाहून लिहितोय. खोलीतला पंखा चालू आहे तरी घाम थांबत नाही. सुभेदार साहेब, तुमचं ऐकलं.

सकाळी सहाला त्रुओंग सोनला पोचलो, तेव्हाच बस लागलेल्या होत्या, उत्तरेकडच्या प्रांतांच्या. रात्रभर प्रवास करून आलेली माणसं होती, पायात अजून गाडीच्या सपाता. दूरपल्ला ताई, काही निळ्या होत्या.

मी एका कडेला उभा होतो. एक काकू थडग्यावर फळं मांडत होत्या, मग सिगारेट पेटवून उदबत्तीशेजारी उभी खोचली. त्यांचं झाल्यावर माझ्याकडे आल्या आणि उदबत्त्यांचा जुडगा हातात दिला. शेजारची ओळ दाखवली. तिथे कुणीच आलेलं नव्हतं, दगडांवर नावं नव्हती. मी एकेका थडग्यावर एकेक लावत गेलो. ओळ अर्धी झाली आणि जुडगा संपला. मी मागे वळून बघितलं तर त्या दुसरा घेऊन येतच होत्या.

उद्या विन्ह मोक. से ओमवाल्याला सातची वेळ दिली आहे.